तारीख सोडलेला अर्ज

आमच्या घरात प्रश्न विचारायची वेळ ठरलेली होती. बाबा पाळीवरून आले की त्यांना कुणी काही विचारायचं नाही. दारात सायकलचा स्टँड खडकन वाजला की आई गॅस बारीक करायची, मी टीव्हीचा आवाज कमी करायची आणि दोन खोल्यांचं आमचं क्वार्टर एकदम चिडीचूप व्हायचं. आधी बूट, मग डबा मोरीत, मग आंघोळ, मग जेवण. जेवणानंतर सुपारीचं खांड तोंडात गेलं की मग विचारा काय विचारायचं ते. सेक्टर सहाच्या आमच्या लाइनीत घरोघरी हाच कायदा होता. आठ तास लोखंडाच्या आवाजात राहिलेल्या माणसाचं डोकं घरी पोचायला तासभर जास्त लागतो, असं आई म्हणायची, आणि ते खरंच होतं. फारच घाईचा निरोप असला तर बायका तो आपसात मागच्या भिंतीवरून सांगायच्या आणि ज्याची त्याची बायको योग्य वेळ बघून नवऱ्याच्या कानावर घालायची. पगारवाढ, बारसं, कुणाची बदली, कुणाचं मरण, सगळं त्या कमरेएवढ्या भिंतीवरून जायचं. अशा घरातली मी, आणि पुढं माणसांना प्रश्न विचारण्याचाच धंदा पत्करला. आता बोला!

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. दुर्गजवळ हा पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा आजोबा माती वाहायला इकडं आले आणि राहिले. बाबांना प्लांटमध्ये क्रेन मिळाली. उंच छताखाली, रुळावर सरकणाऱ्या पिंजऱ्यात बसून ते खालचं तापलेलं लोखंड उचलायचे, सरकवायचे, ठेवायचे. अठ्ठावीस वर्षं. शाळा आमची हिंदीत, बाजार हिंदीत, भांडणंही हिंदीत. मराठी फक्त घरातली, तीही आईची, ‘मले-तुले’वाली. लिहायची मराठी मी फार उशिरा शिकले, त्यामुळं इथं मधूनच काही वाकडं दिसलं तर वाचणाऱ्यानं चालवून घ्यावं. आई अंबाडीची भाजी करायची, ज्वारीच्या कण्या आणि लसूण घालून, वरून कच्चं तेल. भिंतीपलीकडच्या साहू काकी मूळच्या इथल्याच, त्या त्याच भाजीला अमारी म्हणायच्या आणि त्यांची वाटी आमच्याकडं, आमची त्यांच्याकडं, असं दर आठवड्याला व्हायचं. काकींचे यजमान साहू काका बाबांच्याच शिफ्टचे चार्जमन, म्हणजे बाबांना काम वाटून देणारे. दोघं एकाच वेळी घरी यायचे, काका स्कूटरवर, बाबा सायकलवर, आणि काका पाच मिनिटं आधी.

बारावीनंतर मी जो कोर्स घेतला तो आमच्या लाइनीत कुणी ऐकलेला नव्हता. पाच वर्षांचा, बीए आणि एमए एकाला एक जोडलेले, विषय मानसशास्त्र आणि समुपदेशन. मध्ये परत प्रवेश नाही, परत परीक्षा नाही, एकदा आत गेलं की काउन्सिलर होऊनच बाहेर. फक्त तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एक फॉर्म भरायचा असतो: पुढं चालू ठेवणार, की बीएची डिग्री घेऊन इथंच थांबणार. लाइनीतल्या पोट्ट्यांनी मला लगेच ‘पागलों की डॉक्टर’ करून टाकलं. मामा म्हणाला, पोरीला नर्सिंगला टाका. पण बाबा! बाबांना त्या पाच वर्षांचा केवढा अभिमान. कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत, “माझी पोरगी मधल्या स्टेशनवर उतरत नाही, गाडी थेट शेवटल्या स्टेशनावर जाते.” मी पुस्तक घेऊन बसले की ते चोरपावलांनी फिरायचे. घरात शांततेचा हक्क फक्त त्यांचा होता, तो त्यांनी मला दिला होता. हे मला तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला रामटेके काका गेले. बाबांचे जोडीदार, बुद्धविहारातले खजिनदार, धिप्पाड माणूस. पहिल्या पाळीला डबा खाता खाता छाती धरली आणि तिथंच आटोपलं. ड्यूटीवर माणूस गेला म्हणून त्यांच्या अनिलला अनुकंपेवर नोकरी लागली. अनिल माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, चार वर्षं नुसता चौकात उभा असायचा, तो महिन्या-दोन महिन्यांत हेल्मेट घालून गेटातून आत जाऊ लागला. त्याचा अर्ज बाबांनीच लिहून दिला होता, बाबांचं हिंदी अक्षर सुरेख म्हणून. आमच्या टाउनशिपमधल्या पोरांचे विनोद फार काळे असायचे. बाप रिटायर व्हायला आला की पोरं एकमेकांना डोळे मिचकावून काय काय म्हणायची, ते लिहवत नाही. त्यातलाच एक मीही केला. आमच्या कोर्सची एक सीनियर पाच वर्षं शिकून मोबाइलच्या दुकानात बसली होती, तिची गोष्ट मी जेवताना सांगत होते. आई म्हणाली, “मंग तुले कोन देईन नोकरी?” मी हसत हसत म्हटलं, “अनिलले लागली न, तशी लागन. पन आपलं नशीब कुठं तसं!” आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. बाबा हसले. मी स्वतः पाहिलं, ते हसले आणि त्यांनी आणखी भाजी मागून घेतली.

त्या हसण्यानंतरचे महिने मी आज मागं वळून बघते तेव्हा अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र सगळं चांगलंच वाटत होतं. बाबा अचानक कामसू झाले. आईला कधी बँकेत न नेणारा माणूस तिला रविवारी एटीएमवर घेऊन जाऊ लागला, पिन पाठ करून घेऊ लागला. गॅसचा नंबर फोनवर कसा लावायचा, विजेचं बिल कुठं भरायचं, शिकवणी चालूच. “मले कावून शिकवून राहिले? तुमी आहा न,” आई म्हणायची. “येऊ दे न एखादं काम,” ते म्हणायचे. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी ते तहसीलला खेटे घालू लागले. आम्ही बाहेरून आलेले, आमचा दाखला निघता निघत नाही, म्हणून त्यांनीच वर्षानुवर्षं नाद सोडला होता. आता पाळी संपवून, न जेवताच, आजोबांचे जुने कागद पिशवीत घालून ते रांगेत उभे राहायचे आणि अखेर तो दाखला घेऊनच आले. माझे पासपोर्ट फोटो काढून आणले, एक नाही दोन नाही, सोळा. निळी फाइल आणली, तिच्यात माझे सगळे मूळ कागद. आणि ज्या माणसाचं हेल्मेट अठ्ठावीस वर्षांत एकदाही घरी विसरलं नव्हतं, त्याचं हेल्मेट खुंटीवर राहू लागलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आई ते हातात घेऊन रस्त्यापर्यंत धावली. “वय झालं आता तुझ्या बाबाचं,” ती परत येऊन म्हणाली.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी सुपारी कातरता कातरता ते मला म्हणाले, “सुजे, तीन वर्षाची डिग्री भेटते न मधात? ते घेऊन घे. हातात असू दे.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “कावून? तुमीच तर म्हनत होते, शेवटल्या स्टेशनावर उतराचं म्हनून!”

“तवा म्हनलो. आता हे म्हनून राहिलो.”

“अर्ध्या डिग्रीवर मले कोन काउन्सिलर म्हनन बाबा? लोक हसतीन. दोन वर्षं राहिली फक्त, दोन!”

“बीए असली की क्लर्कमधी घेते. नाही तं मजदूरमधी टाकते,” ते सुपारीकडं बघत म्हणाले.

“कोन घेते? कोनाले घेते?”

ते उठले आणि हात धुवायला गेले. मी चिडून आईवर ओरडले, पुस्तकं आपटली, दोन दिवस बाबांशी बोलले नाही. क्लर्कमध्ये कोण घेतं, कुणाच्या जागी घेतं, हा साधा प्रश्न मी पुढं नेला नाही. रागात माणूस बहिरा होतो म्हणतात तसं काही नव्हतं, ऐकू सगळं आलं होतं. मला फक्त माझी दोन वर्षं दिसत होती.

आणि याच आठवड्यांत कॉलेजात आम्हाला काय शिकवत होते, ते ऐका. आमच्या तांबे मॅडम दुर्गच्या, चार पिढ्या तिथंच राहिलेल्या, बोलायच्या मात्र अशी शुद्ध मराठी की माझी जीभ त्यांच्यासमोर आपोआप हिंदीत जायची. त्या म्हणाल्या, “लक्षणं पाठ करू नका. माणूस बदललाय का, ते बघा. एकाएकी निरवानिरव करतोय का, कागद लावून ठेवतोय का, जी वस्तू सुटत नव्हती ती देऊन टाकतोय का. आणि शंका आली तर सरळ विचारा, अगदी त्याच शब्दांत विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. विचारलं नाही तर मात्र तो एकटा पडतो.” आणखी एक सांगितलं: जिथं जिवाचा प्रश्न आहे तिथं ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. मी हे सगळं वहीत सुवाच्य उतरवलं, खाली लाल रेघ मारली, चाचणीत दहापैकी दहा मिळवले. घरी आले तर बाबा आईकडून पिन वदवून घेत होते. मला त्यांचं कौतुक वाटलं. माझ्यासारखी हुशार विद्यार्थिनी त्या वर्षी दुसरी नव्हती.

फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवार होती. गुरुवारी बाबांनी आईला अहिवाऱ्याला मावशीकडं धाडलं. “तीन दिस राहून ये बहिनीपाशी, किती दिस झाले गेली नाही,” म्हणून स्वतः जीपमध्ये बसवून आले. आईला असं कुणी आपणहून माहेरच्या माणसांत पाठवलं नव्हतं, ती बिचारी नवी साडी नेसून खुशीत गेली. शुक्रवारी मला कॉलेज नव्हतं. बाबा पहिल्या पाळीला गेलेले. मी कण्या शिजायला टाकल्या आणि फॉर्मला बारावीची गुणपत्रिका जोडायची म्हणून ती निळी फाइल उघडली. डबे भरलेले, गॅसचं दुसरं सिलिंडर आणून ठेवलेलं, तांदळाचं नवं पोतं कोपऱ्यात. हे सगळं मी त्याच वेळी पाहिलं, आणि तरीही बघ, घरात किती नीटनेटकं आहे, असंच मनात आलं.

गुणपत्रिकेच्या मागं एक कागद होता. बाबांच्या अक्षरात, एकेक अक्षर सुटं, हिंदीत. ‘महोदय, सविनय निवेदन है कि मेरे पिता’ इथपर्यंत वाचून मला वाटलं, अनिलच्या अर्जाची कच्ची प्रत. पुढं ‘कालकथित’ असं लिहून खोडलं होतं. आम्हा बौद्धांत गेलेल्या माणसाला स्वर्गीय म्हणत नाहीत, कालकथित म्हणतात. ते ऑफिसात कळणार नाही म्हणून वर ‘स्वर्गीय’ लिहिलं होतं. आणि त्याच्यापुढं नाव माणिक, माझ्या बापाचं. ‘का निधन सेवाकाल में दिनांक’, त्यानंतर दोन बोटं कोरी जागा, आणि मग ‘को हो गया है.’ खाली शैक्षणिक पात्रता, बी.ए. खाली प्रार्थी, म्हणजे अर्जदार, म्हणून माझं नाव आणि सहीसाठी ओढलेली रेघ. फोटो चिकटवलेला होता. माझाच, सोळांपैकी एक.

साडेबारा झाले होते. सुट्टी दोनला. क्रेनवर फोन नेत नाहीत, लॉकरमध्ये ठेवतात, हे ठाऊक असूनही मी लावत राहिले आणि तो वाजत राहिला. मग तांबे मॅडमना लावला. काय बोलले आठवत नाही. त्यांचं आठवतं: “आले की विचार. त्याच शब्दांत. त्यांना क्षणभर एकटं सोडू नकोस. आणि उद्या त्यांना त्या कामावर जाण्यापासून जो थांबवू शकतो, त्याला सांग. त्यालाच.” कण्या करपल्या. दोनचा भोंगा झाला. अडीचला साहू काकांची स्कूटर आली, बंद झाली, पलीकडं काकींनी बादली सरकवली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. लाइनीतल्या एकेका दारात एकेक स्टँड वाजत होता, बूट निघत होते, आमच्या दारात काही वाजत नव्हतं. माझ्या आयुष्यात मी त्याहून मोठा अर्धा तास पाहिलेला नाही, आणि या धंद्यात मी पुष्कळ वाईट अर्धे तास पाहिलेत. मी पायरीवर बसून राहिले, हातात तो कागद, आणि तोंडानं नुसतं ‘बाबा, बाबा’ चाललेलं.

तीन वाजता ते आले. चालत.

“सायकल?” माझ्या तोंडून पहिला शब्द हाच निघाला.

“अनिलले देऊन टाकली. त्याले लागते.” ते बाकावर बसले, एका बुटाची नाडी सोडली. “पानी दे.”

“नाही देत. पहिले सांगा.” बापाला पाणी नाकारलं, जन्मात पहिल्यांदा. “बाबा, तुमी जीव द्याचा विचार करून राहिले का?”

बोलून गेले आणि मलाच वाटलं, आता भिंती पडतील. काही पडलं नाही. पलीकडं काकींचा कुकर शिट्टी देत होता. बाबांनी माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या केल्या, शर्टाच्या खिशात ठेवला.

“दहा महिने राहिले सुजे,” ते म्हणाले. “मंग मी रिटायर, मंग हे क्वार्टर बी जाईन. तुझ्या शिक्षनाची नोकरी कुठं आहे, सांग बरं? तूच तं म्हनली होती.”

“मी मजाक केला होता बाबा! माझी जीभ झडो, मी मजाक केला होता!”

“मले मालूम आहे न. पन खोटं कुठं होतं ते?” त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी आणायला सांगावी तसा. राग नाही, रडणं नाही. त्यानंच मी हादरले.

“कधी?”

“तुझी माय अहिवाऱ्यात आहे तोवर.” मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. “मायले नको सांगू. कोनालेच नको सांगू. तुले माझी शपथ आहे.”

“नाही सांगत,” मी म्हटलं.

खोटं बोलले. लाल रेघ मारलेलं वाक्य, दहापैकी दहा, आणि समोर बाप बसलेला असताना तोंडातून निघालं ‘नाही सांगत’. मग मी पाणी दिलं. ते आंघोळीला उठले तेव्हा म्हटलं, “बाबा, कडी नका लावू.” बाबा थबकले. इतका शरमिंदा झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पण त्यांनी कडी लावली नाही.

आता जी चूक झाली ती सांगते. मॅडम म्हणाल्या होत्या, ‘त्यालाच सांग’. त्यांना उद्या क्रेनवर चढू न देणारा माणूस एकच, साहू काका, आणि ते भिंतीपलीकडं बारा हातांवर होते. मी सरळ त्यांच्या दारात जाऊन त्यांना हाक मारायला हवी होती. पण काका आत्ताच पाळीवरून आले होते! त्यांचा तो तास चालू होता, आणि वीस वर्षांचं वळण कसं मोडणार? माझे पाय आपोआप मागच्या भिंतीकडं गेले. आत मोरीत बाबा अंगावर पाणी घेत होते. एकेक मग ओतल्याचा आवाज येत होता तोवरच मी बोलत होते, आवाज थांबला की गप्प, परत आला की पुढं. काकी अमारीची पानं खुडत होत्या. “का होगे बेटी?” त्या म्हणाल्या. मी सांगितलं. “हाय दाई!” काकींचं मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. पलीकडच्या दोन अंगणांतल्या बायका उभ्या राहिल्या. मोरीत पाण्याचा आवाज थांबला तो परत आलाच नाही. बाबांनी ऐकलं होतं.

साहू काका त्या दिवशी तास संपायची वाट न बघता, उघड्या अंगावर टॉवेल टाकून आले. बाबांच्या शेजारी बसले आणि सुपारी कातरून देत राहिले. दिवेलागणीपर्यंत लाइनीतल्या सतरा घरांना सगळं ठाऊक झालं होतं, अर्जातली कोरी जागासुद्धा. बायका दारांतून डोकावत, पोरं सायकली हळू करत. मी आईला फोन लावायच्या आधीच कुणीतरी तिला लावला होता. ती जीपमधून उतरली आणि माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, “मले नाही सांगितलं तू. लाइनीले सांगितलं.” सकाळी काकांनी बाबांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. मनाच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, रजा दिली. दीड महिन्यानं बाबा कामावर गेले ते खाली, औजारांच्या स्टोअरमध्ये. क्रेन गेली. अठ्ठावीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यावरून फिरलेला माणूस पाने आणि हातोडे मोजून देऊ लागला. कँटीनमध्ये त्यांच्याशी सगळे हळू आवाजात बोलायचे, आणि आई सांगायची, तेच त्यांना सोसत नव्हतं.

आज शिकायला येणाऱ्या मुलींना मी कडक शब्दांत सांगते: गोष्ट फोडावी लागली तर फोडा, पण ज्याला सांगायची त्याच्या तोंडावर सांगा; कुणाच्या भिंतीवरून नको. त्या वहीत लिहून घेतात. लाल रेघही मारतात, दिसतं मला.

बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, शिवी नाही, नुसतं बंद. जे सांगायचं ते आईमार्फत. “तिले सांग, दार लाव.” मी त्याच खोलीत असायची. कॉलेजनं माझी तारीख वाढवून दिली होती, पुढं चालू ठेवण्याच्या फॉर्मवर पालकाची सही लागते, ती त्यांनी केली, आणि आईला म्हणाले, “तिले सांग, सही केली.” मी मोरीत जाऊन ढसाढसा रडले. बाप जिवंत आहे, रोज संध्याकाळी जेवतोय, गोळी घेतोय, झोपतोय, हे मला पुरायला हवं होतं. पुरत नव्हतं. दहा महिने असेच गेले. ते रिटायर झाले, हार घालून घरी आले, आम्ही क्वार्टर सोडून स्मृति नगरच्या कडेला दोन खोल्या घेतल्या. तिथं हळूहळू ‘चहा ठेव’, ‘पंखा बंद कर’ इतपत बोलणं परत आलं. त्या शुक्रवारबद्दल मात्र एक अक्षर नाही. मी बरोबर केलं की त्यांना उघडं पाडलं, हे मी विचारलं नाही. विचारण्याची पदवी घेऊनही विचारलं नाही.

पाच वर्षं पुरी झाली. दुर्गला एका डॉक्टरच्या दवाखान्यामागं मला खोली मिळाली, आठवड्यातून दोन दुपारी, दोन खुर्च्या आणि एक टेबल. कित्येक आठवडे कुणी आलं नाही. मी खुर्च्या पुसायची, पाटी पुसायची आणि चारच्या ऑटोनं घरी यायची. बाबा विचारायचे नाहीत आणि मीही सांगायची नाही.

मग एका दुपारी प्लांटचा खाकी शर्ट घातलेला, पन्नाशीचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. हातात डब्याची पिशवी, म्हणजे पाळीवरून थेट आलेला. बोलीवरून आमच्याच बाजूचा. खुर्चीच्या अगदी काठावर बसला.

“कोनी पाठवलं?” मी विचारलं.

“मानिकदादानं. सकाळी फिराले भेटते मले रोज.” तो बराच वेळ पिशवीचे बंद चाळवत राहिला. “मी म्हनलो त्याले, तुझ्या पोरीले सांगीन, पन गोष्ट बाहेर गेली तं? तं तो म्हने, जाईनच. जिवावर बेतलं तं तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. म्हनूनच जाय म्हनतो. तिच्याचमुळं मी जित्ता आहो.”

आलेल्या माणसासमोर रडायचं नसतं, हे मी पाच वर्षं शिकले होते. मी रडले. टेबलावर डोकं ठेवून, हुंदके देऊन. तो बिचारा घाबरला, पिशवी घेऊन उभा राहिला.

“मॅडम, मी उद्या येऊ का?”

“नाही,” मी डोळे पुसत म्हटलं. “बसा. आजच बोला.”